‘छापा’ असं मीच म्हणालो

त्या वार्ताहराइतका न्यायी माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे वाक्य आज मी बिनदिक्कत लिहितो, कारण ते लिहून आता कुणाचंच भलं व्हायचं नाही. ज्या वर्षी ते म्हणायला हवं होतं, त्या वर्षी मी दापोडीच्या चहाच्या दुकानात बसून त्याला शिव्या घालत होतो, आणि माझ्याइतक्या मुद्देसूद शिव्या तिथे दुसऱ्या कुणाला जमत नव्हत्या.

पन्नाससाठच्या मधली गोष्ट. रेल्वेच्या पलीकडे आमचा कारखाना होता. मी तिथे फिटर. कारखान्याचा फुटबॉलचा संघ होता आणि तो कारखान्यांच्या लीगमध्ये दुसऱ्या डिव्हिजनला खेळायचा. सामने खडकीच्या मैदानावर, दर रविवारी. खेळायला अकरा आणि बघायला आम्ही शेदीडशे जण, सायकलींवर डबलसीट, ट्रिपलसीट. निम्मे खेळाडू अनवाणी खेळायचे. बूट नव्हते असं नाही, बूट घातले की चेंडू कळत नाही असं त्यांचं म्हणणं. कित्येक वर्षं आम्ही दुसऱ्या डिव्हिजनला चिकटलो होतो. कधी दुसरे, कधी चौथे. वर एकच संघ चढायचा, आणि तो आम्ही कधीच नसायचो.

सोमवारी पुण्याच्या पेपरात सामन्यांची हकिकत यायची. ती लिहिणारा हाच माणूस. किडकिडीत, धोतराचा सोगा खोचलेला, काळी टोपी. गोलच्या मागे घडीचं स्टूल टाकून एकटा बसायचा आणि पेन्सिलीनं वहीत काहीतरी टिपत राहायचा. कुणाशी बोलायचा नाही. आमच्याकडून चहा पाठवला तर परत पाठवायचा. म्हणजे गर्विष्ठ, असं आम्ही ठरवून टाकलं. विरुद्ध संघाचा चहाही तो परत पाठवायचा हे आम्हाला दिसत होतं, पण ते आम्ही धरत नव्हतो.

त्याच्या अन्यायाचा पुरावा आमच्याकडे होता, आणि तोही मोजून घेतलेला. आम्ही फिटर-टर्नर माणसं, खिशात स्टीलची फूटपट्टी कायम. सोमवारी पेपर आला की चहाच्या बाकावर तो पसरायचा आणि मी पट्टी लावायची. आपल्या सामन्याला किती इंच, दुसऱ्यांच्या सामन्याला किती. आपल्या गोलला किती सूत, त्यांच्या गोलला किती. आठ सुतांचा एक इंच, त्यात हयगय नाही. मोजून झालं की शेजारचा टर्नर, जो मूळचा दापोडीचाच, शेतकरी घरातला आणि आवाजानं सगळ्यांत मोठा, निकाल द्यायचा.

“बघा. त्यास्नी साडेतीन इंच आन आपल्याला दोन. त्यो पेठेतला हाय, आमी गावठी. त्याला आपलं चांगलं बघवतच न्हाई.”

“पण आपण हरलो होतो की राव,” असं एखादा म्हणायचा.

“हरलो म्हणून काय झालं? खेळलो तर व्हतो.”

यावर सगळे माना डोलवायचे. मीसुद्धा. सातवी पास असल्यामुळे वाचन माझ्याकडे होतं, आणि वाचताना आवाजात थोडी मिरची घालायची मला सवय होती. त्यानं ‘बचाव ढिला होता’ असं लिहिलेलं असलं तर मी ते असं वाचायचो की ऐकणाऱ्याला आईवरून शिवी दिल्यासारखं वाटावं.

त्या वर्षी मात्र आम्ही खरंच वर चढणार होतो, आणि त्याचं कारण आमचा गोलकीपर होता. तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. माण तालुक्यातला, उंच, हाडापेरानं मोठा, हात तर फावड्याएवढे. लहानपणी कधी फुटबॉल बघितलाही नव्हता, पण फेकलेली वस्तू त्याच्या हातातून खाली पडत नसे. मीच त्याला गावाहून आणून कारखान्यात बदली म्हणून लावला होता. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर आत घ्यायचे, नाहीतर परत. महिन्यातले दहा-बारा दिवस काम मिळायचं. मी त्याला दाजी म्हणायचो आणि तो मला पाव्हणं.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझी बहीण सासरीच होती, कारण इथे ठेवायचं कुठे? आम्ही दोघं आणि आणखी तिघं एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचो. कायम झालेल्या कामगाराला कारखान्याच्या चाळीत खोली मिळायची, बदलीला नाही. हंगामाच्या सुरुवातीला वेल्फेअर ऑफिसरनं मैदानावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की संघ वर चढला तर खेळाडूंपैकी जे बदली असतील त्यांना कायम करू. तसा बदली एकच होता. त्यामुळे बाकीच्यांसाठी वर चढणं ही अब्रूची गोष्ट होती आणि माझ्या दाजींसाठी ती खोली होती. सामन्याच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडून एकदा तक्ता समजून घ्यायचे. कोण किती गुणांवर, कुणी हरलं तर काय. मी सांगायचो आणि ते मान हलवून म्हणायचे, “म्हंजी व्हईल.” मग स्वतःशीच पुन्हा एकदा, “व्हईल.”

शेवटचे दोन सामने राहिले तेव्हा आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. त्यातला पहिला सामना आमच्या पाठोपाठ असलेल्या संघाशी होता. बरोबरी झाली असती तरी तिथेच काम झालं असतं. आम्ही दोन-एकनं हरलो. दोन्ही गोल दाजींच्या चुकीचे. एक चेंडू हातात येऊन सुटला आणि दुसऱ्याच्या वेळी ते जागचे हललेच नाहीत.

का हलले नाहीत ते आम्हाला माहीत होतं. गेटवरून परत पाठवलं की त्या दिवशी दाजी चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावर जायचे. तिकडे नवे कारखाने उभे राहत होते, सिमेंटच्या वॅगनी यायच्या, ठेकेदाराला हमाल लागायचे. त्या रविवारी ठेकेदारानं वॅगन रिकामी करून मागितली होती. दाजी पहाटेपासून दुपारपर्यंत गोण्या उतरवत होते, आणि तसेच सायकल मारत खडकीला आले. भुवयांवर सिमेंट तसंच होतं. मी म्हणालो, तोंड तरी धुवा. तर म्हणाले, “येळ झाला वो.”

सोमवारी पेपरात आलं: ‘गोलरक्षक सुरुवातीपासून पेंगुळलेला दिसला. इतक्या महत्त्वाच्या सामन्याला त्याने विश्रांती घेऊन यायला हवे होते.’

एवढंच होतं. आज वाचताना त्यात कुठे विष दिसत नाही. त्या दिवशी मी ते वाचलं आणि दुकानात आग लागली. टर्नर म्हणाला, हे आता अती झालं. विश्रांती म्हणे. ह्याच्या बापानं कधी गोणी उचललीय का? सगळ्यांनी मिळून ठरवलं की पेपरला पत्र पाठवायचं, आणि लिहायचं अर्थातच मी.

मी ते फार मन लावून लिहिलं. तसं पत्र मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. सगळ्या हंगामाची मापं दिली, इंच आणि सूत. आणि शेवटी, सगळ्यांत जोरदार म्हणून, हे लिहिलं: ‘ज्याला आपले वार्ताहर पेंगुळलेला म्हणतात, त्याने त्या दिवशी पहाटेपासून चिंचवडच्या मालधक्क्यावर ठेकेदाराच्या मजुरीवर सिमेंटची वॅगन रिकामी केली होती व तेथून तो थेट मैदानावर आला होता. असा गोलरक्षक सबंध लीगमध्ये दुसरा दाखवावा.’ खाली सही, दापोडीचे फुटबॉलप्रेमी. वाचून दाखवलं तेव्हा टर्नरनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आपण उगाच फिटर झालो.

बुधवारी संध्याकाळी तो वार्ताहर स्वतः दापोडीला आला. सायकलवरून, पत्ता विचारत विचारत. चहाच्या दुकानाशी उतरला, सायकल नीट भिंतीला टेकवली आणि विचारलं, “हे पत्र आपल्यापैकी कुणी लिहिलंय?”

मी उठलो. त्याच्या हातात माझा कागद होता.

“पत्र माझ्याविरुद्ध आहे,” तो म्हणाला, “म्हणून मी ते दाबलं असं व्हायला नको. संपादकांना मी सांगितलंय, छापायला माझी हरकत नाही. पण त्याआधी तुम्ही ते एकदा परत वाचावं असं मला वाटतं. विशेषतः शेवटचा मजकूर.”

“वाचूनच पाठवलंय,” मी म्हणालो.

“लीगच्या नियमांचं पुस्तक तुमच्या संघाकडे असेल. ते बघा. मी याहून जास्त बोलणं योग्य नाही. दोन दिवस पत्र माझ्याजवळ ठेवतो. नको म्हणालात तर फाडून टाकीन, कुणाला कळणारही नाही.”

आता कुणालाही विचारा, याचा अर्थ काय होतो. शहाणा माणूस म्हणेल, हा सांगतोय ते ऐका. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि आम्हाला हसू फुटलं. आम्हाला दिसला तो घाबरलेला माणूस. इतकी वर्षं आमच्यावर अन्याय करून आज पहिल्यांदा उघडा पडणारा, आणि म्हणून पुण्याहून सायकल मारत विनवण्या करायला आलेला. टर्नर त्याच्या तोंडावरच म्हणाला, “घाबरला जनू.” तो माझ्याकडेच बघत राहिला, कारण अक्षर माझं होतं.

नियमांचं पुस्तक टाइम ऑफिसच्या कपाटात होतं. इंग्रजीत होतं, पण तिथल्या कारकुनानं पाच मिनिटांत वाचून सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी त्या कपाटावरूनच जाणार होतो.

“छापा,” मी म्हणालो.

“सगळं?”

“सगळं. एक अक्षर गाळू नका.”

 मग कागदाची घडी घालून त्यानं टोपीत ठेवली आणि सायकल घेऊन निघाला. आम्ही त्याच्या मागे किती वेळ हसत होतो ते मला सांगवत नाही.

शुक्रवारी पत्र छापून आलं, सबंध. मी पेपर घेऊन दाजींकडे धावलो. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. पेपरात आपल्याबद्दल चांगलं कुणी लिहिलंय हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. ऐकून म्हणाले, “चांगलं लिवलंय, पाव्हणं.” मग जरा वेळानं, “गोण्यांचं कशाला पर?” मी म्हणालो, तीच तर खरी गंमत आहे. ते हसले. मी सांगितलं म्हणून हसले.

शेवटचा सामना आम्ही जिंकलो. एक-शून्य. गोल आमच्या सेंटर फॉरवर्डनं केला, पण सामना दाजींनी जिंकून दिला. त्यांनी काय काय अडवलं ते मी आता लिहीत बसत नाही. त्या दिवशी चेंडूला त्यांच्याशिवाय कुठे जायलाच जागा नव्हती असं वाटत होतं. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि ते इतके जड की दोनदा खाली ठेवून दुसऱ्यांनी उचलावं लागलं. आम्ही पहिल्या डिव्हिजनला चढलो होतो. सोमवारी वार्ताहरानं लिहिलं की हा विजय एकट्या गोलरक्षकाचा आहे आणि संघ वर जाण्यास पात्र आहे. पट्टी लावली, साडेचार इंच. टर्नर म्हणाला, “बघा, दणका बसला तवा सुधारला.”

त्याच संध्याकाळी दाजींनी माझ्याकडून बहिणीला कार्ड लिहून घेतलं. खोली मिळते आहे, भांडीकुंडी घेऊन ये, दिराला सोडायला सांग. मी म्हणालो, ऑर्डर हातात पडू द्या. ते म्हणाले, साहेब सगळ्यांदेखत बोललेत. कार्ड मीच पेटीत टाकलं.

नियम असा होता. लीग कारखान्यांची होती, आणि पूर्वी मोठे कारखाने बाहेरचे खेळाडू उसने आणून मस्टरवर नुसतं नाव लावायचे. ते थांबवायला कमिटीनं ठरवलं होतं की हंगाम चालू असताना खेळाडूनं आपल्या कारखान्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे मजुरी करायची नाही. केली तर तो बाहेरचा धरला जाईल आणि तो खेळला त्या प्रत्येक सामन्याचे गुण जातील. बदली कामगाराचं गेट बंद असलं की त्यानं काय खायचं, हे त्या नियमात नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बदली कामगार नव्हताच.

आमच्या मागच्या संघाच्या सेक्रेटरीनं शुक्रवारचं कात्रण अर्जाला जोडून कमिटीकडे दिलं. चौकशी अशी काही करावीच लागली नाही. तारीख, ठिकाण, काम, सगळं कात्रणात होतं, आणि तेही आमच्याच माणसांनी अभिमानानं लिहिलेलं. मंगळवारीच सबंध हंगामाचे गुण गेले. आम्ही पहिल्यावरून शेवटी आलो. आणि वेल्फेअर ऑफिसरनं, कारखान्याचं नाव खराब झालं म्हणून, दाजींचं नाव बदलीच्या यादीतून काढून टाकलं.

चहाच्या दुकानात दोन दिवस सुतक होतं. मग कुणीतरी म्हणालं की ही चुगली त्या वार्ताहराचीच. त्यानंच कात्रण त्यांच्या हातात दिलं असणार, नाहीतर त्यांना कसं सुचलं? टर्नर म्हणाला, “आन काय. आधी इचारायला आल्याचं ढोंग केलं, मंग गळा कापला.” सगळ्यांना ते पटलं. मलाही ते पटायला हवं होतं. तो बुधवारी कशासाठी आला होता हे आता मला स्वच्छ दिसत होतं, अगदी त्याच्या टोपीतल्या घडीपर्यंत. जेवढं सांगता येईल तेवढं त्यानं सांगितलं होतं, आणि मला दोन दिवस दिले होते. हे मी बोललो असतो तर त्यापुढचं, ‘छापा’ मीच म्हणालो हे, मला माझ्यावर घ्यावं लागलं असतं. मी बोललो नाही. उलट कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणालो, असेलही. पुढच्या हंगामात तो दापोडीचा सामना बघायला आला की लोक त्याच्या स्टुलावर ढेकळं फेकायचे. तो स्टूल झटकून पुन्हा तिथेच बसायचा आणि जे दिसेल ते लिहायचा. मी मोजणं सोडून दिलं होतं.

बहीण त्याच आठवड्यात, गुरुवारी आली. दिरानं तिला भांड्यांच्या गाठोड्यासकट स्टेशनवर उतरवून दिलं आणि तो परतीच्या गाडीनं गेला. उलटं कार्ड टाकायला वेळच उरला नव्हता. बरोबरचे तिघं त्या दिवसापुरते दुसरीकडे गेले आणि आमच्या त्या खोलीत तिनं आल्या आल्या चूल मांडली. तिला आधी वाटलं, हीच ती खोली. म्हणाली, बरी आहे की. मग दाजींनी तिला सांगितलं. तिनं थापता थापता भाकरी तशीच परातीत राहू दिली.

“तुमी गोण्या उचलता हे त्यांना कुणी सांगितलं?”

“पेपरात आलं व्हतं.”

“कुणी घातलं पेपरात?” तिनं माझ्याकडे पाहिलं. “दादा, तू वाचतोस ना पेपर. कुणी लिवलं?”

मी म्हणालो, “पेपरवाले लिहितात काहीतरी.”

तेव्हा माझ्या बहिणीनं, जिनं कधी कुत्र्यालाही हाड म्हटलं नव्हतं, शांतपणे शाप दिला. ज्या हातानं हे लिवलं त्या हाताला चांगल्या घासाची चव लागू नको देऊ रे देवा, असं म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

दाजी भिंतीला टेकून बसले होते. अक्षर कुणाचं ते त्यांना ठाऊक होतं, पत्र मीच त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं. एकदा माझं नाव घेतलं असतं तर त्यांना काहीच तोटा नव्हता; असलेलं सगळं जाऊन झालं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिला म्हणाले, “तसं म्हनू नगं. ज्यानं लिवलं त्यो आपल्याच बाजूनं लिवत व्हता.”

“आपल्या बाजूचा असता तर असं लिवतोय व्हय?”

“जाऊ दे. पाव्हण्यास्नी वाढ आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं परत गावी गेले, तिकडे रस्त्याच्या कामाला खडी फोडायला माणसं हवी होती. पण त्या गुरुवारी दुपारी, शाप देऊन झाल्यावर, बहिणीनं मला वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि मला आवडतो म्हणून गावाहून मुद्दाम आणलेला ठेचा. ती समोर बसून वाढत होती, एक संपली की दुसरी. मी ते सगळं खाल्लं.